मशीन घेण्याआधी भिंत ओळखा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: त्रेचाळीस वर्षांच्या एका वाचकांनी पुण्याच्या उपनगरात बारा मजली इमारतीत नुकताच फ्लॅट घेतला आहे. सातारा जिल्ह्यात त्यांचं वडिलोपार्जित दगडी घर आहे. त्याच्या परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये सुट्टीला जाऊन स्टुलं, मांडण्या, कधी लोखंडी अँगलचे स्टँड करायचा त्यांना नाद आहे. फ्लॅटमध्ये पडद्याचा रॉड लावायला शेजाऱ्यांचं ड्रिल मशीन आणलं, तर बेडरूमच्या खिडकीवर बिट सेंटिमीटरभर आत गेलं आणि अडलं. जोर लावला तसा जळका वास आला. त्याच मशीनने हॉलच्या भिंतीत भोक मात्र झटकन पडलं, पण स्क्रूसाठीचा प्लास्टिकचा प्लग ढिला बसला आणि टीव्हीच्या स्टँडचा स्क्रू हाताने बाहेर येतो. आता त्यांना स्वतःचं, वायरवर चालणारं मशीन घ्यायचं आहे. मेहुणे म्हणतात, ‘एकदाच घ्या, दणकट घ्या, रोटरी हॅमरच घ्या.’ दुकानदार ८५० वॅटचं स्वस्तातलं मशीन पुढे करतो. पत्नीचं म्हणणं, वर्षाला दहा भोकं पाडायला मशीन कशाला, माणूस बोलवा. बजेट पाच-सहा हजार. घराला आणि वर्कशॉपला एकच मशीन चालेल का, आणि कुठलं?

नमस्कार,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. एकच मशीन, एकच बिट. एका भिंतीत जाता जाईना आणि दुसऱ्या भिंतीत इतकं गेलं की भोक सैल झालं. मशीन कमी ताकदीचं असतं, तर हॉलमध्येही रडलं असतं. म्हणजे फरक भिंतींत आहे.

पडद्याचा रॉड लागतो खिडकीच्या वर. तिथेच लिंटेल, म्हणजे खिडकीवरची काँक्रीटची आडवी पट्टी, असतं, आणि तुमच्यासारख्या इमारतीत बऱ्याचदा थेट बीमच खाली आलेला असतो. तुमचं बिट सेंटिमीटरभर गेलं म्हणता, तेवढी जाडी प्लास्टरची. प्लास्टर संपलं आणि काँक्रीट लागलं. हॉलची भिंत बहुतेक एएसी ब्लॉकची आहे. हे ब्लॉक हलके, सच्छिद्र, आणि कापायला इतके मऊ की साध्या करवतीने कापतात. त्यात हॅमर, म्हणजे मशीनची ठोके देण्याची सोय, चालू ठेवून ड्रिल मारलं की बिट आत थरथरतं, भोकाच्या कडा ढासळतात आणि ८ मिलिमीटरच्या बिटाने नऊ-दहाचं भोक पडतं. प्लग ढिला बसणारच.

माझा अंदाज बरोबर आहे का, हे भुकटी बघून कळेल. लाल भुकटी म्हणजे वीट. करडी-पांढरी, भरड आणि भराभर पडणारी म्हणजे एएसी. पिठासारखी बारीक, करडी आणि चिमूटभरच पडत असेल, तर काँक्रीट. हे बघायला नवं भोक पाडायची गरज नाही. पाडलेल्या भोकात खिळा फिरवून बोटावर काय येतं ते बघा.

मला ही चौकशी एवढी महत्त्वाची का वाटते? कारण पुण्या-मुंबईत गेल्या काही वर्षांत झालेल्या पुष्कळ टॉवरमध्ये वीटही नाही आणि ब्लॉकही नाही. अॅल्युमिनियमच्या साच्यात, ज्याला सगळे मायवान म्हणतात, स्लॅबबरोबर भिंतीसुद्धा काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. अशा घरात राहणाऱ्या वाचकांनी तुमच्या मेहुण्यांचं ऐकावं. तिथे साधं ड्रिल म्हणजे प्रत्येक भोकाला दहा मिनिटं आणि खांदेदुखी. तुमच्याकडे हॉलची भिंत मऊ निघाली, म्हणजे तुमचं घर त्या प्रकारातलं दिसत नाही. तुम्हाला काँक्रीट लागणार ते खिडक्यांवर, बीमला, कॉलमला आणि पंखा-झुंबरासाठी छताला. एकूण किती भोकं होतील? पडद्यांची मोजा. ती एकदा पडली की पुढची पाच-सात वर्षं तिकडे फिरकायचं कारण नाही.

आता मेहुण्यांच्या सल्ल्याकडे येऊ, कारण तो चुकीचा नाही, फक्त तुमच्यासाठी नाही. बाजारात ज्याला लोक सरसकट ‘हॅमर’ म्हणतात, त्यात दोन वेगळी यंत्रं आहेत. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवर फिरतात आणि दात घसरताना बिट पुढे-मागे हलतं. मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस हजार ठोके पडतात, पण प्रत्येक ठोका अगदी किरकोळ, आणि तो भिंतीत उतरतो तुमच्या हाताच्या रेट्यावर. रोटरी हॅमरमध्ये मोटर एक दट्ट्या हलवते, तो हवा दाबतो आणि त्या हवेच्या दाबाने आतला ठोकळा बिटावर आदळतो. मिनिटाला ठोके चार-पाच हजारच, पण प्रत्येक ठोका खराखुरा. टाचणीने हजारदा टोचणं आणि छिन्नीवर हातोडा घालणं यात जो फरक, तो या दोघांत आहे. म्हणून रोटरीच्या खोक्यावर ठोक्याची ताकद ज्यूलमध्ये छापलेली असते. दोन किलोच्या वर्गातल्या मशीनला ती दोन-अडीच ज्यूलच्या आसपास असते, आणि काँक्रीटमध्ये ८ मिलिमीटरचं भोक ते अर्ध्या मिनिटाच्या आत पाडतं, तेही मागून ढकलावं न लागता.

मग तेच का नको? तुमच्या शेडमुळे. रोटरीला साधा चक, म्हणजे बिट आवळून धरणारा जबडा, नसतो. त्यात एसडीएस प्लस नावाची पकड असते, खाचा पाडलेल्या १० मिलिमीटर दांड्याची. तिच्यात बिट मुद्दाम थोडं सैल, पुढे-मागे सरकेल असं बसतं. लाकडाचं किंवा लोखंडाचं गोल दांड्याचं बिट लावायचं, तर वर अडॅप्टर आणि चक चढवावा लागतो. मग मशीन नाकाकडे लांब आणि जड होतं, बिटाचं टोक डुगडुगतं. स्टुलाच्या पायात डॉवेलसाठी, म्हणजे लाकडी खुंटीसाठी, १० मिलिमीटरचं सरळ, नेमकं भोक पाडायचं आहे आणि हातात असं तीन किलोचं धूड आहे, अशी कल्पना करून बघा. शिवाय बहुतेक रोटरींचा वेग हजार-बाराशे फेऱ्यांच्या आसपास थांबतो. लाकडात आणि बारीक बिटांना तो कमी पडतो.

तुमचा मूळ प्रश्न ‘दोन्हीला एकच मशीन’ असा आहे, तो मी थोडा फिरवतो. आठवड्याचं काम कुठलं आणि वर्षाचं कुठलं? आठवड्याच्या कामासाठी मशीन विकत घ्या, वर्षाच्या कामासाठी माणूस बोलवा किंवा भाड्याने आणा. तुमच्या पत्नी बरोबरच बोलतायत, फक्त त्यांचं म्हणणं फ्लॅटपुरतं बरोबर आहे. बीममधली पडद्यांची सगळी भोकं एका दिवशी, रोटरी घेऊन येणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडून मारून घ्या. तो तासाभरात उरकून जाईल. शेडमधल्या मांडणीला मात्र तुम्ही दर वेळी माणूस बोलावणार नाही, आणि त्यात मजाही नाही.

म्हणून माझी शिफारस: १३ मिलिमीटर चकचं, ६०० ते ७५० वॅटचं, नावाजलेल्या कंपनीचं इम्पॅक्ट ड्रिल, ज्यात हॅमर बंद करता येतो, वेग बोटाने कमी-जास्त होतो आणि उलटी दिशा आहे. बॉश, मकिटा, डिवॉल्ट, स्टॅनली, हायकोकी यांपैकी ज्याचं सर्व्हिस सेंटर तुमच्या जवळ आहे, ते घ्या. तुमच्या बजेटमध्ये हे बसतं आणि बिटांना पैसे उरतात. ते उरायलाच हवेत, त्याकडे पुढे येतो.

८५० वॅटच्या स्वस्त मशीनबद्दल. वॅटचा आकडा म्हणजे मशीन विजेच्या बोर्डातून किती ओढतं तो. बिटाच्या टोकाशी किती पोचतं, ते त्यावरून कळत नाही. बराच भाग उष्णता होऊन जातो, आणि तांब्याची काटकसर केलेल्या मोटरमध्ये जास्तच जातो. लेबलवर त्याऐवजी दोन गोष्टी वाचा. एक, वेगाची मर्यादा; ० ते २८०० किंवा ३००० असं लिहिलेलं असतं. दुसरी, कशात किती मिलिमीटरपर्यंत भोक. या वर्गात लोखंडात बहुधा १० आणि लाकडात २५ असे आकडे दिसतील. यातच आणखी एक गैरसमज निघतो. चक १३चा आहे म्हणून लोखंडात १३चं भोक पडेल असं नाही. चकमध्ये १३ मिलिमीटरचा दांडा मावतो, एवढाच त्याचा अर्थ.

वेग बोटाने बदलता येणं ही चैन नव्हे. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली घोडा ही रचना ब्लॅक अँड डेकरने १९१७ साली पेटंट केली. दाबाप्रमाणे वेग बदलणं मात्र पुष्कळ नंतर, इलेक्ट्रॉनिक्सबरोबर आलं, आणि लोखंडात काम करणाऱ्याला खरा उपयोग त्याचाच. नियम सोपा आहे: बिट जाड, तर वेग कमी. साध्या लोखंडात ३ मिलिमीटरच्या बिटाला अडीच-तीन हजार फेऱ्या चालतात, १० मिलिमीटरच्या बिटाला आठशे-नऊशेच पुरतात. दहाचं बिट पूर्ण वेगात अँगलवर टेकवलंत, तर टोक निळं पडतं आणि धार गेली. दोन थेंब तेल, आधी ३-४ मिलिमीटरचं वाटाडं भोक, मग मोठं बिट. कुरळा चुरा सलग निघत असेल तर वेग आणि दाब बरोबर आहे. नुसती पूड आणि किंचाळी निघाली तर थांबा.

चक चावीचा घ्या. बिनचावीचा हाताने झटपट फिरतो हे खरं, पण हॅमरच्या थरथराटात तो हळूहळू सैल होतो. चावी फिरवताना एकाच भोकात फिरवून सोडू नका, तिन्ही भोकांत फिरवा, मग पकड सारखी बसते. ती चावी हरवते, म्हणून लोक तिला दोरीने वायरला बांधतात. बांधा, पण विजेच्या प्लगच्या बाजूला बांधा. म्हणजे बिट बदलताना प्लग काढावाच लागेल.

दुकानात गेलात की खोकं बघून परत येऊ नका. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, कुठेही जा. मशीन बाहेर काढायला सांगा. चकमध्ये लांबसं सरळ बिट लावा, मशीन काउंटरवर आडवं धरा आणि घोडा अगदी हलका दाबा. टोक एका जागी फिरतंय की छोटं वर्तुळ काढतंय ते बघा. वर्तुळ काढत असेल, तर दुसरा नग मागा. नंतर पूर्ण वेग द्या. मागच्या जाळीतून कार्बनच्या, म्हणजे मोटरला वीज पोचवणाऱ्या झिजत्या तुकड्यांच्या, बारीक निळसर ठिणग्या दिसणं साहजिक आहे. गोल रिंगणभर नारिंगी ठिणग्या दिसल्या तर नको. शेवटी चक धरून वर-खाली हलवा, खडखड नको. जुनं मशीन घेणाऱ्यांनी शिवाय जाळीला नाक लावावं. आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, एकदा करपलं की तो वास जात नाही.

वर्कशॉपचा विचार करणाऱ्यांसाठी आणखी एक मोजमाप: चकच्या मागची गोल मान ४३ मिलिमीटरची आहे ना, ते बघा. बाजारात मिळणारे बरेच ड्रिल स्टँड त्याच मापाचे असतात. पुढेमागे स्टँड घेतलात, तर तेच मशीन त्यात आवळून काटकोनात भोकं पाडता येतील. माझ्या मते शेडमध्ये ८५० वॅटपेक्षा याचा उपयोग जास्त आहे.

बॅटरीचं नको असं तुम्ही आधीच ठरवलंय. बहुतेक बरोबरच आहे. वायरचं मशीन वर्षभर कपाटात पडलं तरी दिवाळीला काढून लगेच चालतं. बॅटरी वापरा-न वापरा, म्हातारी होते आणि नव्या बॅटरीची किंमत मशीनच्या किमतीजवळ जाते. पण गावाकडे तुमच्या सुट्टीच्या दिवशी वीज असते का? भारनियमनात वायरचं मशीन शोभेची वस्तू आहे. शिवाय स्क्रू पिळायला वायरचं ड्रिल वाईट, कारण त्यात ठरावीक जोरानंतर सुटणारा क्लच नसतो. स्क्रूचं डोकं तरी झिजतं, नाहीतर लाकूड फाटतं. मांडण्या करताना स्क्रू भरपूर लागत असतील, तर पुढच्या वर्षी १२ व्होल्टचा छोटा बॅटरी स्क्रूड्रायव्हर घ्या. आत्ता नको.

आता उरलेल्या पैशांचं. तीन प्रकारची बिटं लागतात आणि एकाचं काम दुसऱ्यावर टाकायचं नाही. भिंतीसाठी टंगस्टन कार्बाइडचं टोक जडवलेली, ६, ८ आणि १० मिलिमीटरची. ही चांगल्या कंपनीची घ्या. लोखंडासाठी एचएसएसचा (हाय स्पीड स्टीलचा) संच, ३ ते १०. लाकडासाठी मधे टोचा असलेली बिटं, म्हणजे भोक खुणेवरून सरकत नाही. मशीनबरोबर खोक्यात मिळणारा शंभर तुकड्यांचा संच बघून हुरळून जाऊ नका. त्यातली निम्मी बिटं पहिल्याच भिंतीत बोथट होतात. शेजाऱ्यांच्या मशीनला बीममध्ये जो वास आला, त्यामागेही बिटाचाच हात असावा. लोखंडाचं बिट काँक्रीटला लावलं की क्षणात गोल होतं, मग कितीही वॅट असोत. आणि राग येऊ देऊ नका, पण मशीन उलट्या दिशेला तर नव्हतं ना? उलटं फिरणारं बिट प्लास्टर खरवडत थोडं आत जातं आणि काँक्रीटला घासत बसतं. हे चांगल्या चांगल्यांच्या हातून होतं, आणि लक्षणं हुबेहूब तुम्ही लिहिलीत तशीच असतात.

हॅमरचं बटण वर असतं. एका बाजूला हातोडीचं चित्र, दुसऱ्या बाजूला बिटाचं. हातोडी फक्त वीट आणि काँक्रीटसाठी. लाकूड, लोखंड, टाइल, एएसी या चौघांना हातोडी बंद. बाथरूमच्या टाइलवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, टाइलचं भाल्यासारखं बिट लावा, सावकाश सुरू करा. टाइल पार झाली की मग भिंतीचं बिट. व्हिट्रिफाइड टाइल त्याने ऐकत नाही, तिला डायमंड बिट आणि पाण्याचा शिडकावा लागतो. गावच्या घराचा काळा दगड मात्र सोडून द्या. बेसॉल्टशी भांडण्यापेक्षा दोन दगडांमधल्या दरजेत भोक घ्या.

दोन पिनांचा प्लग बघून अर्थिंग नाही म्हणून घाबरणारे बरेच असतात. लेबलवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल, तर मशीनला दुहेरी इन्सुलेशन आहे आणि तिसऱ्या पिनची गरज नाही. काळजी करायची ती तुमच्या शेडच्या वायरिंगची. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल, तर मशीनच्या आधी तो बसवून घ्या. हे मशीन तीन अँपिअरच्या आसपास घेतं, म्हणजे साधा ६ अँपिअरचा सॉकेट पुरतो. पण घरातून शेडपर्यंत बारीक वायरीचं एक्स्टेंशन ओढलंत, तर आधीच कमी असलेलं गावचं व्होल्टेज आणखी पडतं, मोटरचा जोर जातो आणि ती तापते. दीड चौरस मिलिमीटरची वायर घ्या आणि गुंडाळी पूर्ण सोडून वापरा. मशीन तापलंच, तर बंद करून ठेवण्याऐवजी मिनिटभर मोकळं फिरवा. आतला पंखा त्याला गार करतो.

भिंतीत ड्रिल मारण्याआधी स्विचबोर्डाकडे बघा. वायरी सहसा बोर्डाच्या सरळ वर किंवा आडव्या रेषेत जातात, त्या पट्ट्यात भोक नको. बीममध्ये सळई लागली तर बिट एकदम थांबतं आणि चकाकी दिसते. जोर न लावता भोक दोन-तीन सेंटिमीटर बाजूला घ्या. लोखंडात भोक आरपार होताना बिट अडकतं आणि मशीन मनगट पिळतं, म्हणून बाजूचं हँडल लावूनच धरा, आणि अँगल पायाखाली न दाबता व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला लावलेल्या शिकंज्यात, आवळा. चष्मा हवाच. हातमोजे घालू नका, ते बिटात गुंडाळले जातात. काँक्रीटची धूळ फुप्फुसाला वाईट, तेव्हा नाकाला एन-९५ लावा.

हॉलमधल्या त्या ढिल्या भोकांत काडी-कागद कोंबून टीव्ही लावू नका. ती भोकं भरून टाका. चार-पाच सेंटिमीटर बाजूला, हॅमर बंद ठेवून, एएसीसाठी मिळणारा लांब नायलॉनचा प्लग वापरून नवी भोकं घ्या. टीव्ही मोठा आणि हलवता येणाऱ्या स्टँडवर असेल, तर भिंतीच्या पलीकडे तुमचीच खोली आहे का बघा. असेल तर आरपार बोल्ट आणि मागे पट्टी. गीझरलाही तेच.

मशीन घ्याल तेव्हा दुकानातूनच त्याच मॉडेलच्या कार्बनची एक जादा जोडी मागून घ्या आणि बिलाबरोबर खोक्यात टाकून ठेवा. स्वस्तात मिळते, पण मॉडेल बंद झालं की शोधत फिरावं लागतं.